फ्रंट लोड वॉशिंग मशीन : बसवून घेताना काय पाहावं, पुढे काय सांभाळावं?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. आमचं टॉप लोड मशीन आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय, त्यामुळे दिवाळीआधी फ्रंट लोड घ्यायचं ठरलं आहे. कोणत्या कंपनीचं घ्यावं यावर इथे भरपूर चर्चा झालेली आहे, ती वाचली. माझा प्रश्न मशीन घरी आल्यानंतरचा आहे.

आम्ही वाघोलीला राहतो, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. पाणी बोअरचं आणि टँकरचं, नळांच्या तोट्यांवर पांढरे थर बसतात. ड्राय बाल्कनीत मशीनसाठी नळ आणि प्लगचा पॉइंट बिल्डरने दिलेला आहे. बसवायला माणूस येईल तेव्हा मी त्याच्यासमोर काय काय तपासून घेऊ? दुसरं म्हणजे, शेजारच्या घरी आलेल्या माणसाने स्टँड, कव्हर, क्षार काढायची पावडर आणि वार्षिक करार असं सगळं एकाच भेटीत गळ्यात मारलं. यातलं खरंच लागतं काय? सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून स्टँडचा मोह मलाही होतोय.

अधिक_उणे
मशीन यायच्या आधी एक काम करा. त्या नळाखाली बादली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटाला साधारण ८ लिटर पाणी यायला हवं, काही माहितीपत्रकांत ही अट स्पष्ट छापलेली असते.

वरच्या मजल्याचा घोळ असा की टाकी डोक्यावर दिसते म्हणून पाणी जोरात येईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर वर असेल तेव्हा कुठे १ बार दाब मिळतो. तुमच्याकडे हे अंतर ४-५ मीटर असेल, म्हणजे ०.४-०.५ बार. बऱ्याच मशीनांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो आणि काहींना त्याहून जास्त. तुम्ही अगदी काठावर आहात. दाब कमी पडला तर मशीन ठरावीक वेळ पाण्याची वाट बघतं आणि मग चूक दाखवून थांबतं. लोक समजतात, नवं मशीन बिघडलेलं आलं.

बटाटेवडा
पहिल्या मजल्यावर राहण्याचा एक तरी फायदा सापडला!

तेरा नंबरचा पाना
चाफेकळी, मी या दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपनी कुठलीही असो, मशीनचं आयुष्य निम्मं तरी ते कसं बसवलंय यावर ठरतं. लोक मॉडेल निवडायला महिना घालवतात आणि बसवायला आलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत वाटेला लावतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात पहिलं, मागचे बोल्ट. फ्रंट लोडचा ड्रम वर स्प्रिंगना टांगलेला असतो आणि खाली त्याला शॉक ॲब्सॉर्बर असतात. शिवाय त्याला काँक्रीटचं जड वजन बांधलेलं असतं. वाहतुकीत हे सगळं हलू नये म्हणून मागून लांब बोल्टांनी आवळून पाठवतात, बहुतेक मशीनना चार असतात. ते काढल्याशिवाय मशीन एकदाही चालवायचं नाही. काढल्यावर भोकांत प्लॅस्टिकची टोपणं बसवायची आणि बोल्ट पिशवीत घालून माहितीपत्रकासोबत जपून ठेवायचे. घर बदलताना ते परत लावावे लागतात. 'पॅकर्स'वाले लावत नाहीत, तुम्हीच आठवण करून द्या.

दुसरं, पातळी. मशीनवर पाणसळ ठेवून आडवी आणि उभी, दोन्हीकडून बघायला सांगा. मग समोरासमोरचे तिरपे कोपरे हातांनी दाबा, मशीन अजिबात डुलता कामा नये. पायांची उंची जुळली की प्रत्येक पायाचा चेकनट वर बॉडीला घट्ट आवळायचा असतो. नेमकं हेच घाईत राहून जातं. मग पाय हळूहळू फिरत जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत मशीन गडगडायला लागतं. ड्राय बाल्कनीच्या फरशीला मोरीकडे उतार असतो, तेव्हा तिथे हे जास्तच बघा.

तिसरं, सांडपाण्याचा पाइप. जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर तो अडकवलेला हवा. तुमच्याकडे नहाणी ट्रॅपमध्येच सोडायचा असेल तरी आधी मशीनच्या पाठीमागे वर नेऊन मग खाली आणायचा. सरळ जमिनीवर टाकला तर पाणी भरता भरताच वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. पाइपचं टोक पाण्यात बुडलेलंही नको.

चौथं, वीज. पुढच्या प्रतिसादात लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

गोधडी
बोल्टांचं अगदी खरं आहे. आमच्या सोसायटीत एकांनी मशीन आल्या दिवशीच उत्साहात सुरू केलं, बसवणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. पिळायची वेळ झाली तेव्हा मशीन बाल्कनीतून निघून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. काकू म्हणाल्या, "जेवायला आलंय."

तेरा नंबरचा पाना
हा हा. काकूंना नमस्कार सांगा.

वीज. पाणी तापवताना मशीन साधारण २००० वॅट ओढतं, म्हणजे ८-९ अँपिअर. त्यामुळे १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको आणि मोठ्या पिनेला छोटं ॲडाप्टर लावूनही चालवायचं नाही. अर्थिंग मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. बिल्डरच्या पॉइंटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार जोडलेलीच नसते असं मी अनेकदा पाहिलं आहे. ओली फरशी, अनवाणी पाय आणि लोखंडी बॉडी. यात तडजोड करू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं.

स्टँडबद्दल: चाकांचा किंवा सरकवता येणारा नळीचा स्टँड फ्रंट लोडला लावू नका. मिनिटाला १२०० फेऱ्यांना तो थरथरतो आणि सगळा मार बेअरिंगवर जातो. सासूबाईंसाठी उंची हवीच असेल तर गवंड्याकडून विटा-सिमेंटचा सहा-आठ इंची कट्टा बांधून घ्या, पुढच्या बाजूला छोटी कड ठेवा. फक्त त्या हिशेबाने सांडपाण्याच्या पाइपची उंचीही बघून घ्या.

रानजाई
मी चिपळूणची. आमच्याकडे पाण्यात क्षार फार नाहीत, त्रास दमटपणाचा आहे. जून ते सप्टेंबर दाराच्या रबरावर काळी बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो. उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. शेवटचे कपडे काढले की रबराची घडी उलटून कोरड्या फडक्याने पुसायची. दार आणि पावडरचा कप्पा किलकिला ठेवायचा. रबराच्या तळाला बारीक भोकं असतात, तिथून पाणी परत आत जातं. ती भोकं धाग्या-केसांनी बुजतात, कापसाच्या काडीने साफ करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, रबर नीट न्याहाळल्यावर दिसलं.

आणि रेनकोट मशीनमध्ये पिळू नका. कापडातून पाणी निघत नाही, एका बाजूला पोतं भरल्यासारखं साठतं आणि वेग वाढला की ड्रम जोरात आपटतो. माहितीपत्रकातही मनाई असते.

उंदीर! खालून मोकळं असलेल्या मशीनला जाळी लावून घ्या. आमच्याकडे उंदराने वायरी कुरतडल्या. वॉरंटीत असलं काही बसत नाही.

मीटरवाला
चाफेकळी, तुमच्या पाण्याचा टीडीएस मोजा. शंभर-दोनशे रुपयांत मीटर मिळतं. माझ्याकडे ९०० येतो, म्हणजे पाणी किती जड ते कळलं. त्यानुसार पावडर ठरवा.

रसायनी
@मीटरवाला, इथे थोडी गल्लत होते आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात साधं मीठही आलं. मशीनला त्रास देतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. टीडीएस जास्त आणि कठीणपणा बेताचा, असं पाणी असू शकतं. कठीणपणा मोजायला वेगळ्या पट्ट्या किंवा थेंब टाकून रंग बदलणारा संच मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी कित्येकदा या दोन आकड्यांच्या मध्ये किंवा वर असतं.

पाणी तापलं की हे क्षार हीटरवर बसतात. थर जाड झाला की हीटरची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, तो स्वतःच जास्त तापतो आणि शेवटी जळतो. साबणाचा बराचसा भागही या क्षारांशी झुंजण्यात खर्ची पडतो, म्हणून कपडे राठ आणि करडे होतात.

मीटरवाला
बरोबर, पटलं. थेंबांचा संच मागवतो.

चाफेकळी
@रसायनी, मग पावडर घ्यावीच लागेल ना? ती महागडी पाकिटं?

रसायनी
क्षार काढणं गरजेचं आहे, पाकीट नाही. त्यात मुख्यतः आम्लच असतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ते काम करतं. रिकाम्या ड्रममध्ये साधारण १०० ग्रॅम टाकून ६० अंशांवर कॉटनचा कार्यक्रम चालवायचा आणि वर एकदा नुसत्या पाण्याने धुऊन घ्यायचं. तुमच्या पाण्याला दोन-एक महिन्यांतून एकदा. खडकवासल्याचं किंवा मुंबईच्या तलावांचं पाणी असणाऱ्यांना इतकं वारंवार लागणार नाही.

एक कळकळीची सूचना: लिंबूसत्व आणि क्लोरीनवालं ब्लीच एकत्र कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद ड्राय बाल्कनीत तो जिवावर बेतू शकतो.

साबुदाणा
मी व्हिनेगर वापरते, छान निघतं.

तेरा नंबरचा पाना
कधीतरी ठीक. नेहमी नको, रबर आणि सीलसाठी ते चांगलं नाही. लिंबूसत्व बरं.

इझारकाठी
म्युनिकहून लिहितोय. आमचं पाणीही कठीण आहे. इथे कठीणपणा जर्मन अंशांत मोजतात, १ अंश म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम, आणि १४ अंशांच्या वर 'कठीण'. गंमत म्हणजे साबणाच्या खोक्यावरच तीन रकाने छापलेले असतात: मऊ, मध्यम आणि कठीण पाण्याला किती साबण. आपल्या इमारतीला कोणतं पाणी येतं हे लोकांना पाठ असतं. भारतातल्या खोक्यांवर कपड्यांच्या वजनाचा हिशेब असतो, पाण्याचा क्वचित. तो असायला हवा, विशेषतः बोअरवर जगणाऱ्या वस्त्यांसाठी.

इथे बऱ्याच इमारतींत मशीन तळघरात असतात आणि प्रत्येकाच्या वीज मीटरला जोडलेली असतात. रविवारी मशीन लावलं की शेजारी नाराज होतात, पण तो वेगळा धागा होईल.

बटाटेवडा
आमच्याकडे रविवारी लावलं नाही तर घरचे नाराज होतात.

गोधडी
साबणावरून आठवलं. तळमजल्यावरच्यांच्या मोरीतून फेस वर येतो ही आमच्या सोसायटीची कायमची तक्रार आहे. वरच्या मजल्यांवरच्या सगळ्या मशीनचं पाणी एकाच उभ्या पाइपात उतरतं. यावर काही उपाय?

तेरा नंबरचा पाना
फ्रंट लोडची म्हणून वेगळी, कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड मिळतं, तेच वापरायला सांगा. हातधुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेसच फेस होतो. पंप पाणी फेकू शकतो, फेस नाही. मग मशीन जास्तीचे खळबळे घेत बसतं, वेळ वाढतो आणि उरलेला साबण ड्रमच्या बाहेरच्या बाजूला चिकटतो. बुरशीला तेच खाद्य. ड्रम मागून ज्या ॲल्युमिनियमच्या तीन हातांच्या तुकड्यावर बसवलेला असतो, तो याच साचलेल्या रेंद्यामुळे खराब होत जातो. असे मोडलेले तुकडे मी पाहिले आहेत. त्यानंतर मशीन वाचवणं खर्चिक होतं.

म्हणून महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा. रोजचे कपडे थंड पाण्यावर धुवत असाल तर नक्कीच.

सूतकताई
वार्षिक कराराबद्दल कुणीच बोललं नाही. मी दरवर्षी घेते आणि समाधानी आहे. वॉरंटी संपल्यावर दोन वर्षांत पंप आणि मुख्य सर्किट बोर्ड बदलावा लागला. बोर्डाची किंमत करारापेक्षा कितीतरी जास्त होती. आमच्याकडे विजेचा दाब सतत वरखाली होतो, अशा ठिकाणी करार घ्यावाच.

अधिक_उणे
@सूतकताई, तुमच्या बाबतीत फायदा झाला हे खरं. पण करार दोन प्रकारचे असतात: एकात सुटे भाग येतात, दुसऱ्यात फक्त भेट आणि मजुरी. दुसऱ्या प्रकारात 'सर्व्हिस'ला येणारा माणूस काय करतो? फिल्टर काढतो, जाळी धुतो, पावडर टाकून मशीन चालवतो. हे घरी करता येतं. त्यासाठी पैसे मोजायला माझा विरोध आहे.

सूतकताई
घरी करता येतं, पण किती घरांत होतं? माझे आईवडील नाशिकला दोघंच राहतात. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. खाली बसून फिल्टर उघडणं त्यांना शक्य नाही. त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा येणारा माणूस हीच देखभाल आहे.

अधिक_उणे
हे मान्य. ज्येष्ठांसाठी घ्यावा. फक्त भागांसकटचा घ्या आणि रबर, बेअरिंग त्यात धरलंय का ते लेखी बघा, बऱ्याचदा वगळलेलं असतं.

नंदादीप
महत्त्वाचं: सेवा केंद्राचा नंबर गूगलवर शोधून फोन करू नका. खोटे नंबर पसरवून ठेवलेले असतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांकडे असाच 'कंपनीचा' माणूस आला. चांगला बोर्ड काढून नेला आणि जुना लावून गेला. नंबर माहितीपत्रकावरून किंवा मशीनवरच्या स्टिकरवरून घ्या, आलेल्या माणसाकडून तक्रार क्रमांक पडताळा, बदललेला जुना भाग मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कापूसकोंड्या
आमचं मशीन पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज करतं. धुताना ठीक असतं. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलं, नवीनच घ्या. खरं आहे का?

तेरा नंबरचा पाना
प्लग काढून ठेवा. रिकामा ड्रम हाताने फिरवा. खरखर लागते का? मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. बाहेरचं टब न हलता नुसता आतला ड्रम हलत असेल तर बेअरिंग गेलं. मागच्या बाजूला, खाली फरशीवर गंजाच्या रंगाचं पाणी ओघळलंय का तेही बघा. आधी सील जातं, पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, ग्रीस धुऊन निघतं.

दुरुस्ती होते की नाही हे टबवर अवलंबून आहे. टबचे दोन भाग स्क्रूंनी जोडलेले असतील तर उघडून बेअरिंग आणि सील दोन्ही बदलता येतात. सील जुनंच ठेवू देऊ नका. अलीकडच्या कित्येक मॉडेलांत टब कारखान्यातच वितळवून जोडलेलं येतं, मग अख्खं टब बदलावं लागतं आणि खर्च मशीनच्या निम्म्याच्या आसपास जाऊ शकतो. खरेदी करतानाच हे विचारायला हवं, पण दुकानात कुणालाच उत्तर माहीत नसतं. चांगली वस्तू चारशे-पाचशे रुपयांच्या बेअरिंगसाठी भंगारात जाते हे मला अजून पचत नाही.

कापूसकोंड्या
खरखर आहे आणि गंजाचा ओघळही आहे. टबला स्क्रू दिसतायत! दुसऱ्या मेकॅनिकला बोलावतो. धन्यवाद पानासाहेब.

रानजाई
खालच्या फिल्टरबद्दल एक: उघडायच्या आधी प्लग काढा, गरम पाण्याचा कार्यक्रम नुकताच झाला असेल तर थांबा आणि पसरट ताट खाली लावा. शेजारी छोटी नळी असते, आधी तिच्यातून पाणी सोडायचं. आमच्या फिल्टरमधून नाणी, सेफ्टी पिना, शर्टाची बटणं आणि एकदा हरवलेली जोडवी निघाली. आईने ती लगेच घातली.

चाफेकळी
मंडळी, मशीन आलं आणि बसलं. तुमच्यामुळे किती गोष्टी वेळेत कळल्या ते सांगते.

बादली लावून पाहिली, पाणी खूपच कमी येत होतं. प्लंबरने आधी नळाच्या तोंडाची जाळी काढली, ती क्षारांनी पूर्ण बुजली होती. ती धुतल्यावर दुप्पट फरक पडला, पण तरी अपुरंच. शेवटी टाकीतून आमच्या घरात येणाऱ्या पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवला. वायरमनने पॉइंट तपासला तर पानासाहेब म्हणाले तेच निघालं, अर्थिंगची तार मागे नुसती लोंबकळत होती. ती जोडून घेतली. आता सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना आपापले पॉइंट तपासायला सांगितलं आहे, आतापर्यंत अजून तीन घरांत तेच आढळलं.

बसवायला आलेला मुलगा चांगला होता. पाणसळ मागितली तर त्याच्याकडे नव्हती, पण खालच्या बांधकामावरून मागून आणली. चेकनट माझ्यासमोर आवळले. स्टँड घेतला नाही, कट्टा बांधलाय. कराराचं वॉरंटी संपताना बघू.

आता एकच प्रश्न उरला. थंडीत गोधड्या यात धुवाव्यात का? सात किलोचं मशीन आहे.

तेरा नंबरचा पाना
सात किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन, पण गोधडी भिजली की पाणी धरून बसते आणि एका बाजूला गोळा होते. पातळ, जुन्या साडीची एकेरी गोधडी असेल तर एकटी धुवा, पिळायचा वेग ६००-८०० वर ठेवा. मशीन पिळायचं थांबून पुन्हा पुन्हा कपडे पसरवत बसलं तर बंद करा आणि हाताने उलगडून परत लावा. जाड, कापूस भरलेली असेल तर बाहेर हौदावरच.

गोधडी
माझ्या नावाने चर्चा चाललेली पाहून आले. दुजोरा देते, एका वेळी एकच.